अँटीव्हायरस टाकलाय, तरी मशीनची तक्रार तीच: नवा घेण्याआधी काय काय तपासायचं

ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांची ऑफिसं, लहान दुकानं आणि लोकांची घरं, इथले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. त्यात एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच्या तशी येते. "ताई, मशीन फार स्लो झालंय, सारखं व्हायरस व्हायरस दाखवतंय. चांगला अँटीव्हायरस कुठला ते सांगा, लगेच घेऊन टाकतो." आणि लोक खरंच घेऊन टाकतात. काही महिन्यांनी तेच मशीन, तीच तक्रार, फक्त अँटीव्हायरसचं नाव वेगळं.

याचं कारण साधं आहे. "कुठला घेऊ?" हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आधीचा का चालला नाही हे कोणी बघतच नाही, त्यामुळे नवाही त्याच खड्ड्यात पडतो. म्हणून विकत घ्यायचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय.

हे सगळं विंडोजच्या मशीनबद्दल आहे, आणि खास करून एकापेक्षा जास्त माणसं बसतात त्या मशीनबद्दल: सोसायटीच्या ऑफिसातलं, दुकानाच्या काउंटरवरचं, किंवा घरात सगळ्यांचं मिळून एक असतं ते. फुकट आणि सोप्या गोष्टी आधी, कठीण आणि खर्चाच्या नंतर. वरून खाली जा. मध्येच दुखणं सापडलं तर पुढचं करायची घाई नाही.

लक्षणं

यातली एक किंवा अनेक दिसत असतील तर पुढचं वाचा.

- स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे चौकोन येतात: "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, आत्ता स्कॅन करा."
- अँटीव्हायरस "एक्स्पायर्ड" म्हणतो, पैसे भरलेले असूनही. किंवा अपडेटच होत नाही.
- संरक्षण बंद दिसतं. चालू केलं की थोड्या वेळाने किंवा रीस्टार्टनंतर पुन्हा बंद.
- स्कॅनमध्ये दर वेळी तोच व्हायरस सापडतो, काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी हजर.
- पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली.
- मशीन सुरू होताना "स्क्रिप्ट फाइल सापडत नाही" अशा अर्थाची खिडकी उघडते.
- ब्राउझर न विचारता भलत्याच सर्च पानावर नेतो.
- सगळंच संथ. फाइल उघडायला सांगितली तर चहा होऊन येतो.

एक लक्षण या यादीत मी घेतलेलं नाही. फाइलींच्या नावांना शेवटी विचित्र अक्षरं चिकटली आहेत, त्या उघडत नाहीत आणि सोबत पैसे मागणारी चिठ्ठी पडली आहे असं दिसलं, तर खालचं काहीही करू नका. थेट शेवटच्या भागात जा.

आधी घड्याळ बघा

उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बरोबर आहे का? ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सोसायटीच्या ऑफिसांत मला हे वारंवार सापडतं. तिथे रात्री मेन स्विच बंद करून जातात. मशीनला वीज नसताना वेळ सांभाळायला मदरबोर्डवर एक गोल नाण्यासारखी बॅटरी असते. ती संपली की सकाळी मशीन सुरू होतं ते भलत्याच वर्षात. मग अँटीव्हायरसला वाटतं लायसन्सची मुदत संपली किंवा अजून सुरूच झाली नाही. अपडेट अडतात, आणि बँकेच्या वेबसाइटसुद्धा "सुरक्षित नाही" म्हणून अडवल्या जातात, कारण वेबसाइटच्या प्रमाणपत्रालाही तारीख असते.

तारीख दुरुस्त करा, मशीन बंद करून रात्रभर वीज काढून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. पुन्हा चुकली असेल तर बॅटरी बदला. बहुतेक डेस्कटॉपला सीआर २०३२ लागते, घड्याळवाल्याकडेही मिळते. लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नका. या एका बॅटरीपायी नवीन अँटीव्हायरस घेतलेली ऑफिसं मी पाहिली आहेत.

तो चौकोन नक्की कोणाचा आहे?

"व्हायरस सापडला" म्हणणाऱ्या चौकोनावर क्लिक करू नका. फक्त नीट वाचा. त्यावर क्रोमचं किंवा एजचं चिन्ह आणि कुठल्या तरी वेबसाइटचं नाव बारीक अक्षरांत असेल, तर तो तुमच्या अँटीव्हायरसचा इशारा नाही. ती जाहिरात आहे. कोणीतरी कधीतरी क्रिकेटचा सामना फुकट बघायला किंवा गाणं उतरवायला एका साइटवर गेलं, तिथे "पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा" असं होतं, आणि अलाउ दाबलं गेलं. त्या दिवसापासून त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर काहीही दाखवायची परवानगी मिळाली.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटींची यादी तिथे दिसते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत नोटिफिकेशन्स टाइप केलं की तीच यादी मिळते. त्याच बैठकीत एक्स्टेन्शन्सचीही यादी बघा. "पीडीएफ कन्व्हर्टर" किंवा "कूपन" अशा नावाचं, कोणी टाकलं ते कोणालाच माहीत नाही असं जे असेल ते काढा. सर्च पान पळवण्याचं काम बहुतेक तेच करत असतं.

पूर्ण स्क्रीन व्यापून, मोठा आवाज करत, "कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करू नका. खरा अँटीव्हायरस फोन नंबर देऊन घाबरवत नाही. एस्केपचं बटण दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. भीती घालून पैसे उकळण्याचा हा धंदा आपल्यापासून लांब कुठेतरी चालतो असंही समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावलं जात होतं. फोनवरच्या माणसाचा आवाज अधिकारी असल्यासारखा वाटतो, कारण त्याला तसं बोलायला शिकवलेलं असतं.

अँटीव्हायरस किती आहेत ते मोजा

स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा, उघडा, खाली सेटिंग्जमध्ये जा आणि मॅनेज प्रोव्हायडर्स दाबा. कोण कोण अँटीव्हायरस म्हणून नोंदलेलं आहे आणि त्यातलं खरं चालू कोण, हे तिथे दिसतं. मग अ‍ॅप्सच्या यादीतही नजर टाका.

सामायिक मशीनवर साधारण असं चित्र निघतं: लॅपटॉपबरोबर आलेला चाचणी मुदतीचा एक, मागच्या कमिटीने घेतलेला मुदत संपलेला दुसरा, कोणा भाच्याने टाकलेला फुकटातला तिसरा, आणि वर एखादा "पीसी क्लीनर" किंवा "ड्रायव्हर अपडेटर". एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभा राहून तिची तपासणी करतो. असे दोघे उभे केले की प्रत्येक फाइल दोनदा अडते, आणि एकाने पकडून बाजूला ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला "सापडतो". रोज तोच व्हायरस दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण.

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर यात समजूतदार आहे. दुसरा नोंदणीकृत अँटीव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो. तुम्ही तो दुसरा नीट काढलात की तो परत कामावर येतो. "नीट काढलात" हे महत्त्वाचं. आधी अ‍ॅप्समधून अनइन्स्टॉल करा, मग त्याच कंपनीच्या वेबसाइटवरून त्यांचं काढण्याचं टूल उतरवून चालवा, आणि रीस्टार्ट करा. बहुतेक मोठ्या कंपन्या असं टूल फुकट देतात, कारण नुसत्या अनइन्स्टॉलने मागे तुकडे राहतात हे त्यांनाही माहीत आहे. क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर तर काढूनच टाका. सामायिक मशीनवर त्यांचा काहीही उपयोग नाही.

आहे तो जागा आहे का?

एकच उरला की तो खरंच काम करतो का ते बघायचं. इथे जरा वेळ काढा. माझ्या अनुभवात खरं दुखणं सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

पहिली गोष्ट, शेवटचं अपडेट कधी झालं. रोज नवे व्हायरस येतात, त्यामुळे महिनाभर अपडेट न झालेला अँटीव्हायरस असून नसल्यासारखा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या पानावर अपडेटची तारीख दिसते.

दुसरी गोष्ट, आणि ही जवळजवळ कोणीच बघत नाही: सूट दिलेल्या जागांची यादी. त्याच पानावर मॅनेज सेटिंग्ज दाबा, अगदी खाली एक्सक्लूजन्स आहे, ते उघडा. अँटीव्हायरसने ज्या फोल्डरांकडे बघायचंच नाही अशी ती यादी. वर्तकनगरच्या एका सोसायटीच्या ऑफिसात संरक्षण चालू होतं, सगळीकडे हिरवी टिक होती, अपडेट त्याच सकाळचं होतं, तरी मशीन व्हायरसने भरलेलं. एक्सक्लूजन्स उघडलं तर तिथे एकच ओळ होती: पूर्ण सी ड्राइव्ह. म्हणजे पहारेकऱ्याला ज्या घरावर नेमलं त्या घराकडेच बघायचं नाही असं सांगून ठेवलेलं. कोणीतरी फुकटात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून दिलं होतं आणि त्या क्रॅकने हे करून ठेवलं होतं. ती ओळ काढल्यावर पहिल्याच स्कॅनमध्ये डिफेंडरने ढीगभर घाण पकडली. तोपर्यंत त्याला कोणी बघूच दिलं नव्हतं.

क्रॅकबद्दल स्पष्ट सांगते. "आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा" असं सांगणारी कुठलीही गोष्ट चालवू नका. त्या फाइलीत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि ज्याला दिसलं असतं त्याला तुम्हीच बंद केलेलं असतं.

तिसरी गोष्ट. संरक्षणाचं बटण राखाडी आहे आणि वर "ही सेटिंग तुमच्या संस्थेकडून हाताळली जाते" अशा अर्थाचं वाक्य आहे का? ऑफिसच्या लॅपटॉपवर ते साहजिक आहे. पण घरच्या किंवा सोसायटीच्या मशीनवर अशी कुठलीही "संस्था" नसते. तिथे हे वाक्य दिसलं तर कोणत्या तरी प्रोग्रामने मुद्दाम डिफेंडर बंद करून ठेवला आहे. हे तुम्ही रजिस्ट्रीत शिरून दुरुस्त करायला जाऊ नका. ही गोष्ट जाणकाराकडे न्यायची.

शेवटी त्याची परीक्षा घ्या. आयकार या युरोपीय संस्थेने खास चाचणीसाठी एक निरुपद्रवी फाइल बनवलेली आहे, फक्त ६८ अक्षरांची. ती व्हायरस नाही, पण सगळ्या अँटीव्हायरसनी ती व्हायरससारखी पकडायची असं ठरलेलं आहे. आयकारच्याच वेबसाइटवरून ती उतरवून बघा. उतरवता उतरवताच अडवली गेली तर पहारा चालू आहे. निवांतपणे डेस्कटॉपवर येऊन बसली, तर तुमचा अँटीव्हायरस झोपलेला आहे, मग त्याची किंमत कितीही असो.

संथ आहे म्हणजे व्हायरसच आहे असं नाही

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली तरी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून बसलाय का? मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हे नेहमीचं आहे, आणि त्यावर अँटीव्हायरस हा उपाय नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली की तेच मशीन पळायला लागतं.

यादीत अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर दिसलं तर घाबरू नका, तो डिफेंडरच आहे आणि स्कॅन करतोय. त्याला बंद करण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ बघू नका. जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू ठेवा, त्याचं तो उरकतो.

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा एक फुकट, छोटा प्रोग्राम आहे. तो डिस्कची तब्येत सांगतो: गुड, कॉशन किंवा बॅड. गुड नसेल तर इथेच थांबा. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कचा कानाकोपरा वाचणं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर ते केलंत तर व्हायरस राहील बाजूला, तुमचे हिशेब जातील.

पेन ड्राइव्हची वाट

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिवसभरात किती पेन ड्राइव्ह लागतात ते कोणीही बघू शकतो. प्रवेशाचे अर्ज, भाडेकरार, आधारच्या प्रती, सगळं एकाच मशीनमधून जातं. दुकानदारालाही पर्याय नसतो. पण तिथून पेन ड्राइव्ह सोसायटीच्या ऑफिसात येतो आणि शॉर्टकटचा आजार घेऊन येतो.

तो कसा चालतो हे कळलं की भीती जाते. व्हायरस तुमची खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाचे, फोल्डरसारखेच दिसणारे शॉर्टकट ठेवतो. तुम्ही "मेंटेनन्स बिलं" वर डबल क्लिक करता. आधी व्हायरस चालतो, मग लगेच खरं फोल्डर उघडतं, त्यामुळे काही घडलं हे कळतच नाही. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्राम आपोआप चालू होत नाही. म्हणून आता त्याला तुमचं डबल क्लिक लागतं. फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटा बाण दिसला की हात आवरा.

तुमच्या फाइली सहसा गेलेल्या नसतात. आधी मशीन स्कॅन करा, मग पेन ड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून हिडन आयटम्स दाखवायला सांगा, आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये "प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स लपवा" या ओळीची टिक काढा. फिकट रंगात खरी फोल्डरं दिसतील. त्यातली कागदपत्रं, फोटो, एक्सेलच्या फाइली एवढंच उचलून मशीनवर घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. शॉर्टकट आणि स्क्रिप्टच्या फाइली उचलू नका. काम झालं की ती टिक परत लावा.

मशीन सुरू होताना "स्क्रिप्ट फाइल सापडत नाही" अशी खिडकी येत असेल तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे. अँटीव्हायरसने व्हायरसची फाइल काढली, पण सुरू होताना तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ती नोंद दिसली तर तिथे बंद करा. तिथे नसेल तर जाणकाराला दाखवा, दोन मिनिटांचं काम असतं.

पुढे हे होऊ नये म्हणून छपाईसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, ज्यात एरवी काहीच नसेल. किंवा दुकानदाराला पीडीएफ मेल करा. कुठले पेन ड्राइव्ह चालू द्यायचे ते ठरवून ठेवायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध हे टूल आहे. ते सायबर स्वच्छता केंद्राच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं आणि तिथे व्हायरस साफ करायची फुकट टूलंही आहेत.

रोज येणारा व्हायरस: ऑफलाइन स्कॅन

काढलेला व्हायरस परत येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा एक भाग विंडोजबरोबर आधीच चालू झालेला असतो आणि काढलेला भाग पुन्हा बनवतो. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. उघड्या फाइली सेव्ह करून ठेवा, कारण मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत स्कॅन होतो. व्हायरस जागाच झालेला नसतो, त्यामुळे त्याला लपता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवा. तो बसवावा लागत नाही आणि उतरवल्यापासून १० दिवसांनी निकामी होतो, म्हणून दर वेळी ताजाच उतरवायचा.

अकाउंट: सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त टाळलेलं

सामायिक मशीनवर सगळे एकाच अकाउंटवर बसतात आणि ते अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं. म्हणजे जो कोणी बसेल त्याच्या हातात अख्ख्या मशीनच्या किल्ल्या. त्याने उघडलेल्या व्हायरसच्या हातातही त्याच. मग तो अँटीव्हायरस बंद करू शकतो, एक्सक्लूजन टाकू शकतो, काहीही करू शकतो. कंपनी कुठलीही असो, किल्ल्या दिल्यावर ती तरी काय करणार?

सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा. आधी एक वेगळं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट चांगल्या पासवर्डसह बनवा आणि त्यात शिरता येतं का ते तपासा. मगच रोज वापरायच्या अकाउंटचा प्रकार स्टँडर्ड करा. हा क्रम उलटा झाला तर स्वतःच बाहेर राहाल. स्टँडर्ड अकाउंटवरून बिलं निघतात, मेल होतात, बँकेची कामं होतात. फक्त नवीन प्रोग्राम टाकताना पासवर्ड मागितला जातो, आणि नेमकं तेच आपल्याला हवंय. पासवर्ड सेक्रेटरींकडे असू दे, मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर नको.

"आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालत नाही" असं काही ठिकाणी ऐकू येतं. काही जुन्या सॉफ्टवेअरबाबत ते खरं असतं. तेव्हा त्या एका फोल्डरला परवानगी देऊन काम होतं. ते सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून करून घ्या, पण त्यापायी सगळं मशीन उघडं टाकू नका.

खाली विंडोज कुठलं आहे?

विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत; त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. अपडेट बंद म्हणजे भोकं बुजणं बंद, आणि भोकातून आलेल्याला अँटीव्हायरस दर वेळी पकडेलच असं नाही.

मे २०१७ चा वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, ज्या भोकातून पसरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला आणि त्याची झळ थेट न्हावा शेव्याला, जेएनपीटीतल्या एका टर्मिनलला लागली, काम ठप्प झालं. त्याची सुरुवात कुठून झाली? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उरणच्या बंदरापर्यंत तो मोठ्या कंपनीच्या जाळ्यातून पोचला.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेल असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे अ‍ॅप तुमचं मशीन बसतं की नाही ते सांगतं. बसत नसेल तर त्या मशीनवर महागडा अँटीव्हायरस टाकण्यापेक्षा ते पैसे नवीन मशीनसाठी बाजूला ठेवा. निदान बँकेची कामं त्यावर करू नका.

आता विकत घ्यायचा का?

घरचं मशीन, चालू विंडोज, रोजचं अकाउंट स्टँडर्ड, एक्सक्लूजन्स रिकामे: डिफेंडर पुरतो. हे मी पैसे वाचवायला म्हणत नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था अँटीव्हायरस तपासतात आणि निकाल सगळ्यांना बघता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातला त्रास यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. डिफेंडर तिथे गेली काही वर्षं वरच्या गटात असतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा तक्ता बघा, आणि जुन्या मशीनसाठी वेगाचा रकाना आधी बघा.

पैसे कधी द्यावेत? चार-पाच मशीनं असतील आणि सगळ्यांची स्थिती एका जागी बघायची असेल तर. दिवसभर परके पेन ड्राइव्ह लागत असतील तर. किंवा अडलं की फोनवर मराठीत किंवा हिंदीत बोलणारं माणूस हवं असेल तर. पुण्याची क्विक हील, चेन्नईची के७ अशा आपल्याकडच्या कंपन्याही आहेत. फुकटातल्यांपैकी घेणार असाल तर दोन गोष्टी वाचून घ्या. बऱ्याच फुकट आवृत्त्यांचं लायसन्स फक्त वैयक्तिक वापरासाठी असतं. सोसायटीचं ऑफिस त्यात बसत नाही. आणि फुकट देणारा कमावतो कशावर, हे विचारा. ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलरची कारवाई केली होती.

सोसायटीसाठी एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी हात जोडून सांगते: लायसन्स खजिनदारांच्या खासगी मेलवर घेऊ नका. कमिटी बदलते, काका मुलाकडे राहायला जातात, मेल कोणी बघत नाही. मग पैसे भरलेलं लायसन्स असूनही नवी कमिटी दुसरं विकत घेते. सोसायटीच्या नावाचा मेल, सोसायटीच्या नावाचं बिल, आणि मुदतीची तारीख फाइलमध्ये. आपोआप नूतनीकरण चालू आहे की बंद तेही तिथेच लिहा. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी बहुधा नसते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पैसे मागणारी चिठ्ठी आणि बदललेली फाइलींची नावं: नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. काही डिलीट करू नका, फॉरमॅट तर नाहीच. चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढा. पैसे भरू नका.

खात्यातून पैसे गेले असतील किंवा एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवू देणारं अ‍ॅप टाकून फोनवरच्या माणसाच्या हातात मशीन दिलं असेल: नेट तोडा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून किंवा मशीनवरून बदला. इथे मिनिटं मोलाची असतात. मशीन दुरुस्त करायला नंतर वेळ आहे.

डिस्क कॉशन किंवा बॅड म्हणत असेल तर महत्त्वाच्या फाइली उतरवून झाल्या की, आणि आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच, मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. ऑफलाइन स्कॅननंतरही तोच व्हायरस परत आला, डिफेंडर काही केल्या चालू होत नाही, किंवा ते "संस्था" वालं वाक्य जात नाही, तरीही पुढे स्वतः खटपट करू नका. अशा वेळी फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकणं हेच बहुतेकदा लवकरचं आणि खात्रीचं असतं.

फक्त फॉरमॅटला हो म्हणण्याआधी करणाऱ्याकडून इतकं कबूल करून घ्या: डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून तुमच्यासमोर दोन-चार फाइली उघडून दाखवायच्या, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप वेगळा, तोही उघडून. विंडोज अधिकृत, क्रॅक नाही. रोजचं अकाउंट स्टँडर्ड. एक्सक्लूजन्स रिकामे. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे न राहता बंद पाकिटात सेक्रेटरींच्या हातात.